रिकाम्या वाट्यांचे फोटो

पिंपळे गुरव,
गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५

सौ. इंद्रायणीताई यांना स्वरूपाचा नमस्कार.

इथे रविराज बरा आहे, मीही बरी आहे. आईंचं पुढे लिहिते. (नवऱ्याला नावाने लिहिलं म्हणून रागावू नका. तुम्ही आधीच रागावलेल्या आहात, त्यात एवढं खपून जाईल.)

तुमचे चार डबे आजच्या लातूरच्या ट्रॅव्हल्सने परत पाठवतेय. डबा रिकामा परत करू नये म्हणतात, म्हणून तीन डब्यांत साखर घातलीय आणि चौथ्यात हे पत्र. फोन तुम्ही उचलत नाही. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. माझ्यासोबत काम करणारी साबिया म्हणाली, "दीदी, फोन नाही उचलत तर खत लिहा ना." मलाही ते पटलं. डबा तुम्ही उघडणारच. तो नीट घासलाय की नाही हे बघितल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.

आधी कामाचं सांगते. येत्या सोमवारच्या आत तुम्ही इथे यायला हवं. प्रज्वलची बारावीची परीक्षा तोंडावर आलीय हे मला ठाऊक आहे, आणि अशा वेळी आईने मुलाला सोडून निघणं म्हणजे काय हेही कळतं. तरी या म्हणतेय. का, ते सांगायला मला जरा वेळ लागेल. सरळ लिहायला घेतलं की हात थांबतो.

दिवाळीत आपल्या दारात उभ्या राहून तुम्ही जे बोललात ते समोरच्या शहाजादीभाभींनीही ऐकलं. "कोंबड्यांच्या चोची उघडून त्यांना भरवतेस आणि माझ्या आईला उपाशी ठेवतेस." भाऊबीजेचं ओवाळणीचं ताट मी तयार करून ठेवलं होतं. रविराज टोपी घालून पाटावर बसला होता. तुम्ही पिशवी उचलली आणि निघून गेलात. निरांजन बराच वेळ जळत होतं, ते विझवायचं कोणी हे आम्हा दोघांनाही कळेना.

मला राग आला होता. थोडा अजूनही आहे, लपवत नाही. तुम्ही मला आळशी म्हणाला असतात, उद्धट म्हणाला असतात, तर मी चार दिवस फुगून बसले असते आणि विसरले असते. पण सुनेला 'सासूला उपाशी ठेवते' म्हटल्यावर तिने तोंड कुठे दाखवायचं? भाभी आता जिन्यात भेटल्या की मुद्दाम विचारतात, "आज काय खाल्लं मांजीनं?" त्यांच्या मनात काही नसेल. पण मी प्रत्येक वेळी घाईघाईने यादी सांगते, परीक्षेला बसल्यासारखी.

त्या दिवशी तुम्ही माझ्या कामाचं नाव काढलंत. ते काम नेमकं काय, हे या घरात कोणी कधी विचारलं नाही. सगळ्यांना एवढंच माहीत, की वहिनी महाळुंग्याला जाते आणि कोंबड्यांचं काहीतरी करते. आज सांगते. पुढचं कळायला ते लागेल.

आमची कंपनी कोंबड्यांचं खाद्य बनवते. त्यासाठी तुमच्याच भागातून सोयाबीनची पेंड येते. मशीनवर तपासली की तिच्यात प्रथिनं किती, त्यातलं कुठलं अमिनो आम्ल किती, सगळं कळतं. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या माळेतले मणी समजा. त्यांच्यातूनच अंगावर मांस चढतं. पण मशीनला जे दिसतं ते सगळं पक्ष्याला मिळतंच असं नाही. पेंड जास्त भाजली गेली, तर मशीनवर आकडा चांगला दिसतो आणि पक्ष्याच्या अंगी मात्र लागत नाही. बरंचसं आत गेलं तसं बाहेर पडतं. म्हणून खरं किती मिळालं ते शेवटी पक्ष्यालाच विचारावं लागतं.

विचारायची रीत अशी. कोंबड्याला एक दिवस उपाशी ठेवायचं, म्हणजे आधीचं काही पोटात राहत नाही. मग मोजून घेतलेली पेंड लांब नळीच्या नरसाळ्यातून थेट त्याच्या गळ्याखालच्या पिशवीत सोडायची. समोर भांड्यात ठेवून चालत नाही. कोंबडा चोचीने उडवतो, सांडतो, आणि सांडलेलं खाल्लेल्यात धरलं की पुढचं सगळं गणित खोटं. हे मी नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवते. लक्षात ठेवा ताई, हे मीच शिकवते.

मग पिंजऱ्याखालच्या ताटात जे पडेल ते गोळा करायचं, वाळवायचं, दळायचं आणि त्यात काय उरलं ते मोजायचं. गेलं किती, बाहेर आलं किती. घाण वाटेल तुम्हाला, पण माझं पोट त्यावरच चालतं.

आणखी एक कोंबडा असतो. त्याला पाण्याशिवाय काहीच द्यायचं नाही. साबिया त्याला 'रोजेदार' म्हणते, म्हणजे उपास धरलेला. त्याच्याही खाली ताट असतं आणि त्या ताटातही अमिनो आम्लं सापडतात. खाल्लेलं काहीच नाही, तरी सापडतात. ती त्याच्या स्वतःच्या अंगातली. आतड्याचं अस्तर झिजतं, पाचक रस वाहून जातात, अंग आपलंच आपण खर्च करत असतं. तेवढं बाकीच्यांच्या हिशेबातून वजा करावं लागतं, नाहीतर सगळा दोष पेंडीवर येतो. नोकरीला लागले तेव्हा मला त्या कोंबड्याचं वाईट वाटायचं. नंतर सवय झाली. मोजणी संपली की त्याला पोटभर खायला मिळतं आणि बरेच दिवस आराम, म्हणून त्याची काळजी करू नका.

आता घरचं.

श्रावणात आईंचं ऑपरेशन झालं, गाठीसकट जठराचा मोठा भाग काढला, तेव्हा तुम्ही होतातच. थोडं थोडं पण सारखं खायला द्या, हळूहळू भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले ते तुम्हीही ऐकलंत. दिवाळीपर्यंत भरून आलं नाही. उलट आईंच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. तुम्ही त्या बांगड्या बघितल्या आणि माझ्याकडे बघितलं. तुमच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं. हे आज लिहू शकतेय, तेव्हा मनातही येऊ दिलं नव्हतं.

भाऊबीजेनंतर तुमचे डबे यायला लागले. चिठ्ठी नाही, फोन नाही, नुसता डबा. नाचणीचं सत्त्व, डिंकाचे लाडू, खपली गव्हाची खीर, शेंगदाण्याची पोळी. रविराज शिफ्टवरून येताना नाशिक फाट्यावरून घेऊन यायचा आणि ओट्यावर ठेवून आंघोळीला जायचा. मी चिडायचे, तरी सगळं आईंना द्यायचे. हट्टाने द्यायचे. सकाळी कंपनीची बस पकडायच्या आधी वाटी भरून उशाशी ठेवायची, संध्याकाळी आल्यावर पुन्हा.

"ठेव तिथं," आई म्हणायच्या. "तू समोर बसलीस की मला घास जात न्हाई. तू जा, मी खाते सावकाश."

संध्याकाळी वाटी रिकामी असायची. नुसती रिकामी नाही, चाटूनपुसून लख्ख. मी तिचा फोटो काढून तुम्हाला पाठवायचे. खाली एक शब्द लिहायचे नाही. तुम्हीही शब्द न लिहिता डबे पाठवत होता, मग मी कशाला लिहू? घ्या, ही तुमच्या आईची वाटी, असं मनातल्या मनात म्हणायचे आणि बरं वाटायचं.

वाट्या रिकाम्या होत राहिल्या आणि आई वाळत गेल्या. एवढं पोटात जातंय तर जातं कुठे, हे मला कळेना. शेवटी मी माझ्या धंद्याला जागले. रविराजला म्हटलं, "तुझ्या ताईने सत्त्व करपवलं असणार. जास्त भाजलं की अंगी लागत नाही." तो म्हणाला, "हे तिला सांगू नको, नाहीतर ती पुढच्या डब्यातून बाँब पाठवेल." आम्ही हसलो होतो. तुमच्या हातच्या नाचणीवर मी संशय घेतला, त्याची माफी मागते. सत्त्व मी नंतर खाऊन बघितलं. उत्तम होतं.

गेल्या शुक्रवारी कंपनीची बस मोशीच्या पुढे बंद पडली. दुसरी येण्याची चिन्हं दिसेनात, म्हणून मी सुट्टी टाकली आणि रिक्षा बदलत घरी आले. दार लोटलेलं होतं. आई मागच्या खिडकीशी स्टुलावर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. आपलं घर तळमजल्यावर, खिडकीबाहेर दोन बिल्डिंगांमधली बोळ. त्या चमच्याने वाटीतली खीर गजातून बाहेर धरत होत्या आणि बाहेरून कोणीतरी चाटत होतं.

त्या बोळीत एक कुत्री असते, भुरी. पावसाळ्यात तिला खरूज झाली होती, अंगावर केस नव्हते. आता ती अशी गुबगुबीत झालीय की सोसायटीतल्या बायका म्हणतात, हिला पिल्लं होणार. ताई, तुमचा डिंक, तुमचे शेंगदाणे, तुमचं तूप, सगळं तिच्या अंगी लागलंय. मला हसू आलं. खरंच मोठ्याने हसू आलं, आणि मग मी तिथेच उंबऱ्यात खाली बसले.

आईंनी वळून बघितलं. जरासुद्धा दचकल्या नाहीत.

"बस चुकली व्हय?" म्हणाल्या.

"आई, हे काय चाललंय?"

"काई न्हाई. तिलाबी भूक लागती."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून आसंल." त्यांनी वाटी पदराने पुसली. मग मला कळलं, वाट्या इतक्या लख्ख कशा असायच्या. "वाटी भरलेली दिसली की तुला बोल बसायलाय. रिकामी दिसली की इंद्री गप बसती. तूबी फोटू काढून खूश व्हायलीस. म्या म्हणलं, दोघींचंबी भागायलंय."

"आणि तुम्ही?"

"मला जात न्हाई गं लेकी. घोटभर गेलं तरी आत पेटतंय."

भांडं कोंबड्यापुढे ठेवू नका, तो सांडतो, असं मी महाळुंग्याला शिकवते. आणि माझ्याच घरात सगळा हिवाळा सांडलेलं खाल्लेल्यात धरून बसले. वर त्याचे फोटो पाठवले. ज्या बाईला काहीच खाववत नव्हतं, ती आपल्या दोघींची भांडणं मिटावीत म्हणून रोज कुत्रीला भरवत बसली होती, आणि ती भुकेली आहे की नाही हे आपण दोघींनी तिला सोडून सगळ्यांना विचारलं.

आता जे टाळतेय ते लिहिते.

गेल्या सोमवारी आईंना हॉस्पिटलमध्ये नेलं. आजार परत आलाय, यकृतापर्यंत गेलाय. आता ऑपरेशन नाही, औषध फक्त दुखू नये म्हणून. किती दिवस, असं रविराजने विचारलं. डॉक्टर म्हणाले, महिने म्हणू नका.

मी एक विचारलं. दिवाळीपासून त्यांनी ते सगळं खाल्लं असतं तर? डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "या आजारात अंग स्वतःलाच खातं. तुम्ही सोन्याचा घास भरवला असता तरी वजन उतरलंच असतं. हे मनाला लावून घेऊ नका."

मला एकदम रोजेदार आठवला. त्याच्या ताटातलं वजा करायचं, नाहीतर दोष पेंडीवर येतो. आईंचं जे जात होतं ते त्यांच्या आतूनच जात होतं. ते तुम्ही माझ्या नावावर घातलंत आणि मी तुमच्या डब्याच्या. तुमच्या लाडवांत काही कमी नव्हतं, ताई. माझ्या भरवण्यातही नव्हतं. हे मला तुम्हाला सुनावायचं नाहीये. मला तुमच्या शेजारी बसून रडायचं आहे, कारण रविराज रडत नाही आणि साबियापुढे मी किती रडू?

आता येत्या सोमवारचं. डॉक्टर म्हणाले, हवं तर नाकातून पोटात नळी घालता येईल, पातळ अन्न देता येईल. फायदा होईल असं ते म्हणाले नाहीत. त्रास होईल एवढं मात्र म्हणाले. आईंनी तिथेच नकाराची मान हलवली. घरी आल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "नळी नको. मला तुजा कोंबडा करू नको."

हे त्यांना मीच दाखवलं होतं. ऑपरेशननंतर त्यांना हसवायला एकदा स्टीलचा ग्लास आणि नरसाळं घेऊन मी कोंबडा कसा धरतात, कसं भरवतात त्याची नक्कल केली होती. टाक्यांवर हात दाबून त्या इतक्या हसल्या होत्या. तेव्हाचं त्यांनी लक्षात ठेवलं.

रविराज ऐकत नाही. त्याने नळी घालायला सोमवारची वेळ घेतलीय. "उपाशी कसं जाऊ देऊ तिला? ताई काय म्हणेल? उपाशी मारलं म्हणेल." एवढंच धरून बसलाय. त्याचंही चुकत नाही, त्याला न ओवाळताच निघून गेलेली बहीण दिसते. मी त्याला आईंचं म्हणणं सांगितलं, तर माझ्याकडे असा बघत राहिला की मला पुढे बोलवेना. आईंनी स्वतः सांगितलं, तर म्हणतो, तिला आजारात कळत नाही. आणि तुम्हीच सांगा ताई, 'उपाशी ठेवते' म्हणून जिचं नाव झालंय त्या सुनेने 'अन्नाची नळी नको' म्हणायचं तरी कसं? माझ्या तोंडून ते शोभणार नाही. खरं असलं तरी शोभणार नाही.

ते तुम्हीच म्हणू शकता. म्हणून या. आईंच्या उशाशी बसा, त्यांचं त्यांच्या तोंडून ऐका, आणि मग रविराजला सांगा काय करायचं ते. त्यांच्याकडे बघूनही तुम्हाला नळीच हवी असं वाटलं तर मी एक शब्द बोलणार नाही. पण लातुरात बसून ठरवू नका, आणि न बोलता तर मुळीच ठरवू नका.

आज गुरुवार, कंपनीला सुट्टी. हे लिहीत असताना आई जाग्या झाल्या. खिडकीबाहेर भुरी येऊन बसलीय, तिला खीर हवीय. मी आता तिच्यासाठी वेगळी भाकरी टाकते. तिचा नेम मोडायला नको.

"कुणाला लिहायलीस?" आईंनी विचारलं.

"ताईंना."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या.

"डब्यात काय घातलीस?"

"साखर."

"बरं केलीस." मग म्हणाल्या, "तिला म्हणावं, येताना काई आणू नको."

"लिहिते."

"आन् वाटंत काई खाऊ नको म्हणावं. उपाशी ये. हितं माज्यासमोर जेव. लई दिवस झाले, मला लेकीला जेवताना बघायचंय."

मी विचारलं, काय करू जेवायला. त्यांना सगळं पाठ होतं. ज्वारीची भाकरी, ती पण चांगली कडक, पिठलं घट्ट, त्यावर कच्चं तेल आणि लसणाची चटणी. "इंद्रीला पातळ पिठलं चालत न्हाई, ताटावरून उठती," म्हणाल्या. मी म्हटलं, उठतात ते मला माहीत आहे. त्या हसल्या.

ज्वारी दळून आणलीय. भाकरी मला तुमच्यासारखी येत नाही, कडेला चिरा पडतात. या वेळी त्यावरून काहीही बोला, चालेल. उद्या रात्रीची ट्रॅव्हल्स धरलीत तर शनिवारी सकाळी नाशिक फाट्यावर याल. मी तिथे उभी असेन. प्रज्वलला माझा आशीर्वाद सांगा आणि दाजींना नमस्कार. काही दिवस स्वयंपाक त्यांना करू द्या.

हातात डबा घेऊन उतरलात तर तो मी भुरीला देणार. रिकाम्या हाताने या, ताई. उपाशी या.

ताट वाढून तुमची वाट बघणारी,
स्वरूपा